धापेचा जमाखर्च

पुण्याच्या दक्षिण टोकास, सातारा रस्ता घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपतो तेथे, कात्रज वसलेले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथे तलाव बांधून त्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत खेळविले. पाणी आपल्या उताराने गेले. त्यास भाडे पडले नाही. माणसाचे तसे नाही. कात्रजच्या डोंगरउतारावरील एखाद्या वस्तीत राहणाऱ्या आणि दहा पावले टाकताच धाप लागणाऱ्या वृद्धेस शहरातील मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा जावयाचे झाले, तर तिच्या उपचारातील सर्वांत महाग बाब पुष्कळदा हा प्रवासच असतो. आणि मौज अशी की, रुग्णालयाच्या हिशेबवहीत ह्या खर्चाला रकानाच नसतो.

जुनाट फुप्फुसविकाराच्या रोग्यांचे पुनर्वसन त्यांच्या वस्तीजवळ करणे परवडते काय, हा प्रश्न ह्या वगळलेल्या रकान्यापाशीच सुरू होतो. तथापि खर्चाकडे वळण्यापूर्वी हा विकार कोणता आणि त्यात पुनर्वसन म्हणजे काय करावयाचे, हे स्पष्ट झालेले बरे.

डॉक्टर मंडळी ह्या विकारास आद्याक्षरांवरून सीओपीडी म्हणतात. घरोघरी त्याला सरसकट ‘दमा’ म्हणण्याची रीत आहे, ती बरोबर नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात, पण औषधाने किंवा आपोआप पुष्कळ अंशी पुन्हा मोकळ्या होतात. ह्या विकारात मात्र वर्षानुवर्षांच्या धुराने व धुळीने त्या अशा अरुंद होऊन बसतात की, पूर्ववत होत नाहीत. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंतीही झिजतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, आणि श्रम वाढतील तसतशी ही कोंडलेली हवा साचत जाते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे, तशी अवस्था होते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच हा रोग जडतो, हा समजही अर्धाच खरा आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, जगातील ह्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ४५ जणांनी जन्मात कधी धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, धुळीचे धंदे, बालपणीची श्वसनाची दुखणी, क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसात राहून गेलेले व्रण, ही त्यांची कारणे. उमेदीची सारी वर्षे गावाकडच्या चुलीपुढे काढून उतारवयात मुलाकडे शहरात राहावयास आलेल्या आईचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ती धाप लागण्याचे कारण वयावर ढकलते, आणि घरातील मंडळीही तेच मानून चालतात. भारतात ह्या विकाराचे रोगी १९९० साली अंदाजे २ कोटी ८१ लाख होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. त्या वर्षी मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल ह्याचाच क्रम लागला होता.

आता ह्या रोगाचे खरे कपट पाहावे. धाप लागते म्हणून रोगी चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात. रोडावलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला अधिक श्रम पडतात, ते लवकर आंबतात आणि अधिक हवा मागतात. म्हणजे धाप पूर्वीपेक्षाही लवकर लागते. मग रोगी आणखी कमी चालतो. फुप्फुस जेवढे बिघडले असेल त्याच्या कितीतरी पुढे जाऊन माणूस अशा रीतीने पंगू होतो, आणि ह्या पंगुत्वास घरच्यांच्या मायेचाही हातभार लागतो. “आजोबा, तुम्ही उठू नका, पाणी मी आणतो,” असे म्हणणारा नातू आणि “सासूबाई, जिना उतरू नका हं,” असे बजावणारी सून ही दोघेही प्रेमानेच बोलतात. पण त्या प्रेमाने पायांतले बळ जाते.

पुनर्वसन म्हणजे हे चक्र उलट फिरविणे. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. आल्व्हन बॅराक ह्यांनी, अशा रोग्यांना निजवून न ठेवता चालविले पाहिजे असे सुचविले. त्या काळी ते धारिष्ट्यच होते, कारण छातीच्या रोगावर विश्रांती हाच उपाय असा तोवरचा पाठ होता. साठाच्या दशकात डेन्व्हर येथे डॉ. टॉमस पेटी ह्यांनी त्याला व्यवस्थित कार्यक्रमाचे रूप दिले. आजचा सर्वसाधारण कार्यक्रम सहा ते आठ आठवड्यांचा असतो. आठवड्यातून निदान दोन वेळा देखरेखीखाली व्यायाम, आणि उरलेल्या दिवशी घरी. मुख्य भाग चालण्याचा; त्याच्या जोडीला खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, हातांनी वजन उचलणे. ह्याखेरीज ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश श्वास सोडण्याची युक्ती, इनहेलर ओढण्याची बरोबर पद्धत, आहार, धूम्रपान सोडण्यास मदत, आणि दुखणे एकाएकी बळावल्यास पहिल्या दिवशी काय करावे, ह्याचे शिक्षण. कित्येकांना असे वाटते की घरी प्राणायाम चालू आहे तेव्हा हे सारे त्यात आलेच. प्राणायामाने श्वासावर ताबा येण्यास मदत होईल. पण रोडावलेल्या मांड्या बसल्या जागी भरून येत नाहीत.

ह्या सर्वाला लागणारे सामान पाहिले तर आश्चर्य वाटेल. सपाट जमिनीवरची तीस मीटरची पट्टी, काही भक्कम खुर्च्या, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या, घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखविणारे ऑक्सिमीटर. शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या सोसायटीच्या सभागृहात हे सहज मावते. महाग असते ते सामान नव्हे, तर जाणत्या माणसाचा वेळ.

हा उपाय गुणकारी आहे काय, ह्याबद्दल आता वाद उरलेला नाही. २०१५ साली कॉक्रेन ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ६५ प्रयोग आणि ३,८२२ रोगी तपासले गेले. सहा मिनिटांत रोगी किती मीटर चालतो, ही ह्या शास्त्रातील रुळलेली कसोटी आहे. पुनर्वसन घेतलेले रोगी न घेतलेल्यांपेक्षा सरासरी ४४ मीटर अधिक चालले. नेहमीच्या उपचाराशी तुलना करणारे नवे प्रयोग ह्यापुढे करण्याचे कारण नाही, असे आढाव्यासोबतच्या संपादकीयात म्हटले होते. धडधाकट माणसाला ४४ मीटर म्हणजे काहीच नव्हे. परंतु ज्याची सारी दौड अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत होती, त्याच्या बाबतीत कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जाणे आणि दुसऱ्याला पाठविणे, ह्यांतील अंतर कधीकधी तेवढेच असते. हे लक्षात ठेवावे की फुप्फुस ह्याने सुधारत नाही. सुधारतात ते पाय, आणि मनातली भीती कमी होते.

आता जमाखर्च. अर्थशास्त्रज्ञ अशा प्रश्नात केवळ ‘किती पैसे लागले’ असे विचारीत नाहीत, तर ‘तेवढ्या पैशांत किती आयुष्य मिळाले’ असे विचारतात. निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक पूर्णांक; धापेने निम्मे जिणे हिरावले गेलेले वर्ष म्हणजे अर्धा. अशा तोललेल्या वर्षांच्या मापाने निरनिराळे उपचार एकमेकांशी ताडून पाहता येतात. माप निर्दोष नाही. कोणाचे जगणे किती अपूर्णांक, हे ठरविण्यात थोडी उद्धटपणाची छटा आहेच. पण त्याहून बरे माप अद्याप कोणी दिलेले नाही.

ह्या मापाने केलेला एक प्रसिद्ध हिशेब वेल्समधील आहे. तेथे २०० रोग्यांपैकी निम्म्यांना सहा आठवड्यांत अठरा बैठकांचा कार्यक्रम देण्यात आला. पुढील वर्षभर दोन्ही गटांवर लक्ष ठेवले, आणि २००० व २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच निघाली: एका गटात ९९ पैकी ४०, दुसऱ्यात १०१ पैकी ४१. येथवर वाचून एखादा चिटणीस कार्यक्रम बंद करण्याचा शेरा मारून मोकळा झाला असता. परंतु दाखल झालेल्यांपैकी, पुनर्वसन घेतलेले सरासरी १०.४ दिवस रुग्णालयात राहिले आणि न घेतलेले २१ दिवस. दुखणे दोघांनाही आले. एक निम्म्या दिवसांत घरी परतला. वीस रोग्यांपर्यंतच्या एका वर्गाचा खर्च १२,१२० पौंड होता. तो वजा जाता दर रोग्यामागे सरासरी १५२ पौंड वाचले, आणि तोललेल्या आयुष्यात वर्षाच्या ०.०३ इतकी, म्हणजे सुमारे ११ दिवसांची, भर पडली. १५२ पौंडांची ही बचत संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. कार्यक्रमाने एकंदर खर्च वाढण्याऐवजी कमीच होण्याची शक्यता शंभरात ६४ इतकी निघाली. पैशाच्या व्यवहारात ही अगदी वाईट शक्यता नव्हे, पण ही हमीही नव्हे.

सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. हॉलंडमध्ये वस्तीतच दिलेला, पण दोन वर्षे लांबविलेला एक कार्यक्रम २०१० साली तपासला गेला, तेव्हा तो नेहमीच्या उपचारापेक्षा महाग ठरला. तोललेल्या एका वर्षाला सुमारे ३२,००० युरो पडले. उलट अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या गणितात, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुनर्वसन घेणाऱ्या दर रोग्यामागे आयुष्यभरात ५,७२१ डॉलर वाचतात असे आढळले. पण अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल एवढे अवाढव्य असते की, ते टाळणारी कोणतीही गोष्ट तेथे स्वस्तच ठरावी. म्हणून परदेशची रक्कम रुपयांत बदलून येथे चिकटविणे हा शुद्ध भाबडेपणा होईल. परदेशाकडून घ्यावयाची ती हिशेबाची रीत.

रुग्णालयाऐवजी वस्तीत हा उपचार दिल्यास त्याचा गुण उणा होतो काय? इंग्लंडात शेफील्ड येथे २०१० साली हे ताडून पाहिले गेले. रुग्णालयातील व वस्तीतील वर्गांच्या फळात फरक आढळला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे तर २०१७ साली याहीपुढे जाऊन असे दिसले की, एकदा घरी दिलेली भेट आणि त्यानंतर सात आठवडे दर आठवड्यास एक दूरध्वनी, एवढ्यावर चाललेला घरगुती कार्यक्रमही रुग्णालयातील वर्गापेक्षा कमी पडत नाही. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. २०१७ पासून ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने युगांडा, किर्गिझस्तान, श्रीलंका आणि भारत ह्या देशांत स्थानिक परिस्थितीस जुळेल असे फुप्फुस-पुनर्वसन उभारण्याचे काम झाले, आणि त्यात पुण्यातील संशोधकांचा भाग होता.

म्हणजे गुण सारखाच असेल, तर जागा बदलल्याने बदलतो तो केवळ खर्च. तो कात्रजच्या उदाहरणाने मांडून पाहता येईल. आठ आठवडे, आठवड्यास दोन, म्हणजे सोळा बैठका. जाणे व येणे मिळून बत्तीस फेऱ्या. धाप लागणारा माणूस एकटा जात नाही. मुलगा, सून किंवा नात बरोबर असते. बसने गेल्यास चौसष्ट तिकिटे झाली. परंतु स्वारगेटपर्यंतचेच सुमारे सहा किलोमीटर, पुढे गाडी बदलणे, गर्दीत उभे राहणे, हे अशा रोग्यास झेपणारे नव्हे. तो रिक्षाच करणार. उदाहरणादाखल एका फेरीचे १५० रुपये धरले तर ४,८०० रुपये भाडे होते. बरोबरच्या माणसाचे सोळा अर्धे दिवस बुडतात, म्हणजे आठ रोज. रोजचे ६०० रुपये धरले तर तेही ४,८००. एकंदर ९,६०० रुपये झाले, आणि अद्याप उपचाराचा एक पैसाही ह्यात आलेला नाही.

आता असे दहा रोगी एका भागातले आहेत असे समजावे. ते दहाजण रुग्णालयात जात राहिले तर ३२० रिक्षाफेऱ्या पडतात. त्यांऐवजी व्यायाम शिकविणारा एकटा फिजिओथेरपिस्ट त्यांच्या वस्तीत आला, तर फेऱ्या पडतात ३२. दर बैठकीचे दोन तास धरले तर त्याचे एकंदर ३२ तास खर्ची पडतात, म्हणजे दर रोग्यामागे तीन तास आणि बारा मिनिटे. वस्तीतील पुनर्वसनाचे सारे अर्थशास्त्र ह्या एका वाक्यात आहे असे म्हणावयास हरकत नाही: धाप लागणाऱ्या दहाजणांनी हलण्यापेक्षा धाप न लागणाऱ्या एकाने हलावे.

पण ह्याच गणिताला एक उलटी बाजूही आहे, आणि उत्साही मंडळी ती विसरतात. शिक्षकाचा वेळ आणि जागा ह्यांचा खर्च दहाजण आले तरी तेवढाच, आणि चारजण आले तरी तेवढाच. वेल्समधील वर्ग पूर्ण भरला तर दर डोई ६०६ पौंड पडत. दहाच रोगी आले असते तर ते १,२१२ झाले असते. तेव्हा वर्ग काढण्यापेक्षा तो भरलेला ठेवणे, आणि आलेल्याने शेवटपर्यंत येणे, हीच खरी कसोटी. मध्येच सोडून जाणाऱ्यावर झालेला खर्च पुरा करणाऱ्यांच्या माथी चढतो. रोगी का सोडून जातात, ह्याची चौकशी जगभर झालेली आहे, आणि प्रवासाची अडचण हे त्यातील एक नेहमी पुढे येणारे कारण आहे. म्हणून वस्तीजवळचा वर्ग दोन्हीकडून फायद्याचा: भाडे वाचते, आणि गळतीही कमी होण्याचा संभव वाढतो. दुसरीकडे, लहान वस्तीत एका वेळी दहा रोगी मिळणेच कठीण जाते. तेथे शेजारच्या दोनतीन वस्त्यांचा मिळून एक वर्ग करावा लागेल.

इतका जर हा व्यवहार सरळ आहे, तर तो जागोजाग का दिसत नाही? कारण ज्याच्या खिशातून खर्च होतो त्याच्या खिशात बचत येत नाही. वर्ग महापालिकेच्या दवाखान्याने चालविला तर फिजिओथेरपिस्टचा पगार महापालिकेवर पडतो. रुग्णालयातील दिवस कमी झाले तर ते पैसे वाचतात रोग्याच्या कुटुंबाचे, नाहीतर विमा कंपनीचे. सरकारी आरोग्य योजनांचा रोखही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचाराकडे असतो. दाखल होण्याची वेळ टाळणाऱ्या व्यायामास कोणी बिल देत नाही, म्हणून तो कोणी विकतही नाही. खाजगी रुग्णालयाचे तर उघडच आहे. आपल्या खाटा रिकाम्या राहाव्यात म्हणून पदरचे पैसे घालणारे रुग्णालय कोठे मिळावयाचे? हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. वह्या वेगवेगळ्या आहेत, एवढेच. वेल्समध्ये ह्या कार्यक्रमाचा खर्च आणि रुग्णालयाचा खर्च एकाच सरकारी आरोग्यसेवेच्या वहीत पडत होता, म्हणून तेथे ही बचत दिसू शकली. आपल्याकडे ती होते तरी दिसत नाही.

सुरक्षिततेची शंका वाजवी आहे. प्रत्येक रोगी वस्तीतल्या वर्गास योग्य नसतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, छातीत कळा येणारा, किंवा बसल्या जागीच ज्याचा प्राणवायू फार खाली गेलेला असतो, अशाने रुग्णालयातच जावे. बाकीच्यांचीही प्रथम स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करावयाची फुप्फुसांची चाचणी, झाली पाहिजे. नाहीतर हृदय कमजोर झाल्यामुळे धाप लागणारा रोगी चुकीच्या वर्गात येऊन बसावयाचा. एवढी चाळणी लावली तर सभामंडपातील व्यायामात धोका अल्प राहतो. श्रम किती करावेत हे रोग्यास शून्यापासून दहापर्यंतच्या धापेच्या मोजपट्टीवर स्वतःच सांगता येते. चारपर्यंत धाप लागणे अपेक्षितच असते, आणि ‘धाप लागली तरी मी मरत नाही’ हे कळणे हाच पहिल्या पंधरवड्याचा मोठा लाभ असतो.

कात्रजपुरती आणखी एक सूचना. येथील चौकातून अवजड वाहनांची मोठी रहदारी जाते. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो आणि धूर त्यातच कोंडतो. फिरावयास पहाटच उत्तम, हा जुना समज ह्या रोग्यांच्या बाबतीत बाजूस ठेवावा. वर्ग ऊन चांगले वर आल्यावर आणि शक्य तर रस्त्यापासून आत घ्यावा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने शहरात हवेच्या मोजणीची जी यंत्रे बसविली, त्यांत कात्रजचाही समावेश होता. अशा यंत्राचा आकडा पाहून वर्गाची वेळ ठरविणे, हा त्याचा घरगुती उपयोग होय.

शेवटचा प्रश्न आठ आठवड्यांनंतरचा. व्यायाम सुटला तर मिळविलेले बळ सहा महिने ते वर्षभरात पुष्कळसे ओसरते. येथे वस्तीतल्या वर्गास रुग्णालयाच्या वर्गाला नसलेली एक सोय आहे: शिक्षक गेला तरी मंडळी तेथेच राहतात. आठवड्यातून दोनदा तीच तीस मीटरची पट्टी, त्याच खुर्च्या, आणि आळीपाळीने वही ठेवणारा एक सभासद. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने पुरेत: आज आला की नाही, सहा मिनिटांत किती मीटर चालला, आणि गेल्या महिन्यात रुग्णालयात किती दिवस काढले. अशी वही वर्षभर भरली गेली, तर कात्रजमध्ये हे काम परवडते की नाही, ह्याचे उत्तर वेल्सकडून किंवा हॉलंडकडून मागवावे लागणार नाही.